सोफीबाईंचा मुहूर्त

फ्राऊ कीन्लेंच्या पत्राला यादवराव गजभारे यांनी उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट पहिले पाच महिने फक्त दोन माणसांना ठाऊक होती: एक स्वतः फ्राऊ कीन्ले आणि दुसरे यादवराव. शैलाबाईंना ती तिसऱ्याच आठवड्यात कळली होती. पण बायकोला कळलं म्हणजे बाहेर फुटलं असं धरायचं नसतं, असा यादवरावांचा नियम होता.

पत्र आलं २०१७ च्या मार्चमध्ये. निळ्या शाईनं, हातानं लिहिलेलं, आणि पाकिटावर चक्क यादवरावांचं नाव. जर्मनीत गेर्लिंगेनमध्ये मुलाकडे, उज्ज्वलकडे, राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात त्यांच्या नावानं आलेला हा पहिलाच कागद. त्यांनी तो आधी उज्ज्वलच्या विजेच्या बिलांवर ठेवला, मग तिथून उचलून स्वतःच्या उशीखाली ठेवला, आणि कोश घेऊन वाचायला बसले. सहा वाक्यांना चार दिवस लागले.

'आदरणीय हेर गजभारे,' फ्राऊ कीन्लेंनी लिहिलं होतं, 'माझे पती वरच्या कुंपणालगत दरवर्षी सूर्यफुलं लावत. आता माझ्या खोलीच्या खिडकीतून ते कुंपण दिसतं. यंदा आपण तिथे थोडी लावाल का? सोफीच्या आधी मात्र लावू नका. जमणार असेल तर कळवा आणि नसेल तरी कळवा. म्हणजे वाट पाहायची की नाही, ते मला ठरवता येईल.'

कुंपण म्हणजे श्रेबरगार्टनचं कुंपण. गावाच्या कडेला बागकाम संस्थेच्या मालकीच्या जमिनीचे छोटे छोटे तुकडे पाडून ते बागेसाठी भाड्यानं देतात. तो तुकडा मिळावा म्हणून माणसं पाच-पाच वर्षं यादीत नाव लावून बसतात. उज्ज्वल इंजिनियर, सून मैत्री एका संशोधन संस्थेत. दोघांनी यादीत नाव घातलं तेव्हा त्यांच्याकडे वेळ होता. तुकडा मिळाला तेव्हा वेळ संपला होता. म्हणून बाग आली यादवरावांकडे. आधीच्या भाडेकरू फ्राऊ कीन्ले कंबर मोडून चाकांच्या खुर्चीवर आल्यामुळे वृद्धाश्रमात गेल्या होत्या. वृद्धाश्रम कुठे, तर कुंपणापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे वृद्धाश्रम. दुसरा मजला.

यादवराव नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तकं थकवणाऱ्या माणसांना त्यांनी आयुष्यभर स्मरणपत्रं पाठवली. 'आपणाकडून अद्याप उत्तर आलेले नाही' हे वाक्य त्यांच्या हातून इतक्या वेळा लिहिलं गेलं होतं की पेन हातात घेतलं की ते आपोआप उतरायचं. असा माणूस स्वतः उत्तर थकवील, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. त्यांनी त्याच रात्री कच्चा खर्डा करायला घेतला आणि मायन्यावरच अडकले. 'प्रिय' लिहावं तर ज्या बाईला एकदाही पाहिलं नाही तिच्याशी सलगी केल्यासारखं होतं. 'आदरणीय महोदया' लिहावं तर नळाच्या गळतीबद्दल नगरपालिकेला अर्ज केल्यासारखं. शिवाय लिहायचं काय? लावतो म्हणून कळवलं आणि फुलं आलीच नाहीत तर? फळीवर नसलेलं पुस्तक देतो म्हणून त्यांनी कधी कुणाला शब्द दिला नव्हता. तेव्हा आधी फुलं आणू, मग कळवू, असं त्यांनी ठरवलं. माणूस सगळ्यात मोठी चूक करतो तेव्हा त्याला आपण फार जबाबदारीनं वागतोय असं वाटत असतं.

आता प्रश्न राहिला सोफीचा. सोफी कोण? यादवरावांना वाटलं, फ्राऊ कीन्लेंची नात असेल, किंवा संस्थेची कुणी अधिकारी, जिची परवानगी घ्यावी लागते. त्यांनी शेजारच्या तुकड्यातल्या हेर हेबर्लेंना विचारलं. विचारण्याआधी वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं. हेर हेबर्ले हे निवृत्त सुतार, निळी पँट, पोट पुढे, आणि सल्ला द्यायला बाराही महिने मोकळे.

"सोफी?" हेबर्ले हसले. "काल्टं सोफी! थंडगार सोफी! पंधरा मे. आल्झो, ऐका. आधी पांक्रात्स, मग सेर्वात्स, मग बोनिफात्स, आणि शेवटी सोफी. हे आमचे बर्फाचे संत. बारा मेपासून रोज एक येतो आणि जाताना गारठा टाकून जातो. सोफी गेली की मगच नाजूक रोप जमिनीत. त्याच्या आधी लावतो तो मूर्ख."

यादवराव मान डोलावत "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणाले. ते सगळ्यालाच तसं म्हणत. पण घरी येईपर्यंत त्यांच्या आत काहीतरी उसळू लागलं होतं.

"शैला, ऐकलंस का? तीन बुवा आणि एक बाई! ते ठरवणार पेरणी कधी करायची! इंजिनियरांचा देश म्हणे!"

"मग काय झालं? चार दिवस थांबा."

"चार दिवसांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. आपलं लग्न मुहूर्त न पाहता झालं. मोडलं का? घराची वास्तुशांत केली नाही. पडलं का घर? आयुष्यभर पंचांगाला हात लावला नाही, आणि आता सत्तरीत येऊन या सोफीबाईंचा मुहूर्त पाहू?"

शैलाबाईंनी कणीक तिंबता तिंबता एवढंच म्हटलं, "घर पडलं नाही, पण गळत होतं."

यादवरावांनी शास्त्रीय मत घ्यायचं ठरवलं. म्हणजे लातूरला राजाभाऊंना फोन लावला. राजाभाऊ त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या शेतात सूर्यफुलाचं पीक असायचं.

"सूर्यफूल?" राजाभाऊ ओरडले. त्यांना जर्मनी लांब आहे याची जाणीव असल्यामुळे ते मोठ्यानं बोलत. "अरे, ते तर आम्ही दिवाळीनंतर टाकतो. ऐन थंडीत! थंडीनं काय होतंय त्याला? बिनधास्त लाव!"

लातूरची ऐन थंडी म्हणजे अंगात स्वेटर घालून उन्हात बसायची थंडी, हा मुद्दा दोघांच्याही लक्षात आला नाही. यादवरावांनी मार्चअखेर खिडकीत कुंड्यांमध्ये चोवीस बिया रुजवल्या. चोवीसच्या चोवीस उगवल्या. एवढं यश त्यांना आयुष्यात कशातच मिळालं नव्हतं, त्यामुळे ते जरा हवेत गेले आणि लावणीचा दिवस ठरवला चौदा एप्रिल. जयंतीचा दिवस.

"मुहूर्त नाही म्हणता, आणि चौदा एप्रिल धरून बसता," शैलाबाई म्हणाल्या.

"तो मुहूर्त नाही. ती तारीख आहे."

त्या दिवशी हवा इतकी छान होती की हेर हेबर्ले बनियनवर होते. यादवराव कुंपणाशी रोपं लावताहेत हे पाहून ते बनियनवरच धावत आले. "नाइन, नाइन, नाही, हेर गजभारे! सोफी!"

यादवरावांनी नम्रपणे टोपी काढली, "जा, जा, गेनाऊ" म्हटलं, आणि पुढचं रोप लावलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं तरी ऐकलं नव्हतं. त्यांना त्या रात्री नीट झोप आली नाही, पण ती न आलेली झोपसुद्धा सुखाची होती.

सहा दिवसांनी सकाळी उज्ज्वलच्या गाडीच्या काचेवर पांढरा थर होता. मैत्रीनं मोबाइल पाहून सांगितलं, "बाबा, उणे पाच झालं होतं म्हणे." यादवराव मफलर न घेताच निघाले. कुंपणालगत चोवीस रोपं ओळीत उभी होती, म्हणजे आडवी होती. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखी काळी आणि लुळी. शेजारी हेर हेबर्ले फावड्यावर रेलून उभे होते. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कोटाच्या खिशातून बियांचं एक पाकीट काढून कुंपणावरून पुढे केलं. इतकी मोठी शिक्षा यादवरावांना कुणी केली नव्हती.

आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

यानंतर यादवरावांचं जे झालं ते नव्यानं दीक्षा घेतलेल्या माणसाचं होतं. संतांवर ज्याचा विश्वास नव्हता तो माणूस आता संतांखेरीज दुसरं बोलेना. गावच्या वाचनालयात जाऊन त्यांनी हवामानाचे तक्ते काढले. शेवटचा गारठा कुठल्या वर्षी कोणत्या तारखेला पडला, हे ते वहीत उतरवू लागले. वही पाहून वाचनालयातली बाई त्यांना संशोधक समजली आणि वेगळं टेबल देऊ लागली. त्या टेबलाची लाज राखायला त्यांना रोज जावं लागू लागलं.

दरम्यान हेबर्लेंच्या बिया दह्याच्या चोवीस डब्यांमध्ये रुजत होत्या. हे डबे घरात ठेवणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. स्वयंपाकघराची खिडकी अर्ध्या डब्यांनी भरली. उरलेले यादवरावांनी जिन्यातल्या मोठ्या खिडकीत ठेवले, कारण तिथे ऊन छान येई. तीन दिवसांनी इमारतीच्या प्रवेशदारावर व्यवस्थापनाची छापील सूचना लागली: जिना हा आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असून तिथे कोणतीही वस्तू ठेवण्यास मनाई आहे, 'विशेषतः वनस्पती' हे शब्द ठळक होते. कुणाचं नाव नव्हतं. पण दह्याच्या डब्यांवर मैत्रीनं लावलेली मराठी अक्षरातली लेबलं होती, आणि त्या इमारतीत मराठी घर एकच होतं. यादवराव त्यानंतर आठवडाभर लिफ्टनं उतरेनात, कारण लिफ्टमध्ये माणसं भेटतात. जिन्यानंही उतरेनात, कारण जिना हा गुन्ह्याचा मार्ग होता. शेवटी ते पहाटे सहाला बाहेर पडू लागले.

डबे न्हाणीघरात गेले.

"बाबा," उज्ज्वल एका सकाळी दारातूनच म्हणाला, "मला आंघोळ करायची आहे आणि टबात जंगल आहे."

"पंधरा मेपर्यंतच," यादवराव म्हणाले. "सोफी गेली की काढतो."

पंधरा मेला सोफी गेली. सोळाला हेबर्लेंनी आपले टोमॅटो लावले, सतराला पलीकडच्या सगळ्यांनी सगळं लावलं. हवा तर अशी की दुपारी सावली शोधावी लागे. यादवराव मात्र हलले नाहीत. कारण चौदा तारखेलाच वाचनालयातल्या त्या टेबलावर त्यांना एक भयंकर गोष्ट सापडली होती.

"हेर हेबर्ले," ते कुंपणाशी येऊन म्हणाले. वाक्य पाठ केलेलं होतं. "सोफी अजून आलेली नाही."

"काय?"

यादवरावांनी चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर १५८२ एवढंच लिहिलेलं होतं. मग त्यांनी हातवारे, कोश आणि फावड्याच्या दांड्यानं मातीत काढलेल्या रेघा यांच्या मदतीनं समजावून सांगितलं की, संतांचे दिवस ठरले तेव्हाचं कॅलेंडर वेगळं होतं. पुढे पोपनं कॅलेंडर दहा दिवस पुढे ढकललं. तारखा सरकल्या, गारठा थोडाच सरकतो? तेव्हा खरी सोफी पंधराला नव्हे, पंचवीसला.

हेबर्लेंनी वाकून त्या रेघा पाहिल्या. मग म्हणाले, "माझी आजी पंधराला लावायची. तिची आजी पंधराला लावायची."

"जा," यादवराव दुःखानं म्हणाले. "दोघी दहा दिवस आधी."

ही गोष्ट बागांमध्ये पसरायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी तीन अनोळखी माणसं कुंपणाशी येऊन १५८२ ची चौकशी करून गेली. त्यातला एक हसत होता, पण घरी जाऊन त्यानं आपल्या घेवड्यावर जुनी चादर घातली, हे यादवरावांनी पाहिलं.

"अहो," शैलाबाई म्हणाल्या, "आधी तुम्ही सोफीला मानत नव्हता. आता मानता ते तिच्या गाववाल्यांपेक्षा जास्त. मधलं काही जमतं का तुम्हाला?"

"एकदा फसलो आहे, शैला."

"म्हणून? टबात रोपं वाकडी झाली. छताकडे पाहून पाहून त्यांची मान अवघडली. आणि त्या बाईला कळवलंत का?"

यादवरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं. या विषयावर त्यांना ऐकू येत नसे.

सव्वीस मेला, खऱ्या सोफीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी रोपं जमिनीत लावली. सावलीत आणि दिव्याच्या उजेडात वाढलेली, हातभर उंच, पांढुरकी, काडीसारखी रोपं. त्या दिवशी पारा तिशीच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी त्याहून वर. महिनाभर ज्या माणसानं थंडीच्या तारखा वहीत उतरवल्या होत्या, त्याच्या वहीत उन्हाचा रकानाच नव्हता. सूर्यफुलाची रोपं ऊन लागून मेली. हे वाक्य यादवरावांना राजाभाऊंना फोनवर दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटलं नाही.

"यादव," शेवटी राजाभाऊ हळूच म्हणाले. ते हळू बोलले हे विशेष. "तू पुस्तकं वाच बाबा."

पण चोवीसपैकी अकरा जगली. का जगली हे सांगता येत नाही. शैलाबाई दुपारी येऊन त्यांच्यावर जुन्या साडीचा आडोसा धरून बसत, हे एक कारण असू शकेल. यादवरावांनी वहीत मात्र 'कारण अज्ञात' असं लिहिलं. जूनमध्ये ती अकरा गुडघ्याला लागली, जुलैमध्ये खांद्याला. आणि खांद्याला लागली त्या आठवड्यात संस्थेच्या चिटणीस फ्राऊ फिस्टरर टेप घेऊन आल्या.

त्यांनी एक एक रोप मोजलं. कुंपणालगतची लागवड एक मीटर पंचवीस सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम. सगळ्यात लहान सूर्यफूल एक मीटर चाळीस. फ्राऊ फिस्टररनी अकरा आकडे फॉर्मवर लिहिले आणि म्हणाल्या, "चौदा दिवसांत लेखी खुलासा द्या. नाहीतर छाटा."

लेखी! एक पत्र थकलेलं असताना दुसरं. यादवरावांनी घरी जाऊन दोन कोरे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींचे मायने लिहिले. अकरा दिवसांत त्यापुढे एक अक्षर सरकलं नाही. रोज सकाळी ते बागेत जात, सूर्यफुलांकडे पाहत, आणि कळ्या धरलेल्या शेंड्यांवर कात्री कशी चालवायची या विचारानं परत येत. बारावा दिवस उजाडला तेव्हा हेबर्लेंनी त्यांना कुंपणावरून हाक मारली.

"झालं ते. मी बोललो तिच्याशी."

"काय बोललात?"

"नियम झुडपांसाठी आहे आणि झाडांसाठी आहे. एका वर्षात मरणाऱ्या गोष्टींसाठी नाही. तिनं पुस्तकात पाहिलं. नियम बरोबर निघाला." हेबर्लेंनी मान खिडकीकडे वळवली. "आणि म्हटलं, फ्राऊ कीन्ले रोज त्या खिडकीत बसते. तिला छाटलेले दांडे दाखवायचे का?"

"रोज बसतात?" यादवरावांनी विचारलं.

"एप्रिलपासून. मी रविवारी भेटतो ना तिला. मला विचारत होती, तो नवीन माणूस सूर्यफुलंच लावतोय ना? की दुसरं काही? मी म्हटलं, मला काय माहीत? त्यानं तुला कळवलं असेल."

यादवराव काहीतरी पुटपुटून बागेतल्या अवजारांच्या झोपडीत शिरले आणि बराच वेळ नसलेलं खुरपं शोधत राहिले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं उमलली. अकराच्या अकरा. झोपडीसमोरच्या बाकावर बसलं की अकरा पिवळीधमक तोंडं समोर. एवढी मोठी की शैलाबाई म्हणाल्या, "भाकरीएवढं आहे हो हे." यादवराव दोन दिवस हललेच नाहीत तिथून. वाटलं, आता पत्र लिहिण्याची गरजच उरली नाही. अकरा पत्रं पाठवल्यासारखीच आहेत. बाईंनी खिडकीतून वाचली असतील. तिसऱ्या दिवशी त्यांना हुरूप आला आणि आपलं काम बाईंना कसं दिसत असेल ते पाहावं म्हणून ते पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुंपणापलीकडच्या रस्त्यावर गेले. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उभे राहिले. वळले.

समोर अकरा पाठी होत्या.

हिरव्या, केसाळ, वाकलेल्या मानांच्या अकरा पाठी. पिवळा रंग म्हणून कडेला दिसेल न दिसेल इतका. मागून पाहिलं तर सूर्यफूल ही काय चीज आहे, हे ज्यानं मागून पाहिलं नाही त्याला कळणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी तुमच्यासाठी मागे वळून पाहू नये, तसं ते दिसतं.

सकाळची वेळ आहे, यादवरावांनी स्वतःला समजावलं. सूर्य पूर्वेला, तोंडं पूर्वेला. दुपारनंतर इकडे वळतील. शाळेत शिकलेलं आहे हे. ते दुपारी आले. पाठी. संध्याकाळी साडेपाचला आले, सूर्य अगदी वृद्धाश्रमाच्या छपरावर होता. पाठी. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले आणि वेळा लिहिल्या: सात चाळीस, पाठ. बारा पंधरा, पाठ. पाच तीस, पाठ. फाटकाशी उभी असलेली परिचारिका आधी त्यांना पाहून हसली, मग हसेनाशी झाली, आणि तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, ते कुणा नातेवाइकाला भेटायला आले आहेत का. ते "जा, जा" म्हणाले, आणि मग "नाइन, नाइन" म्हणाले, आणि झपाझप चालू लागले.

वाचनालयातल्या पुस्तकात दोन ओळी होत्या. कोवळं असताना सूर्यफूल सूर्यामागे फिरतं. पूर्ण उमललं की मान ताठ होते, आणि उरलेलं आयुष्य ते पूर्वेकडेच तोंड करून काढतं. गारठ्याच्या तक्त्यांसाठी यादवरावांनी हेच पुस्तक महिनाभर वापरलं होतं. त्या दोन ओळी पुढच्याच पानावर होत्या.

"जा, क्लार, उघडच आहे," हेबर्ले म्हणाले. "पूर्वेकडेच पाहतात ती. कीन्ले आणि त्याची बायको तिथे बाकावर बसायचे ना, समोरून दिसायची. खिडकीतून कशी दिसतील?" ते स्वतःच थबकले. "हं. हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही."

यादवरावांना तेवढ्यानं राहवलं नाही. त्यांनी सुतळी आणली, टोकाच्या फुलाच्या मानेला मऊ कापडानं बांधली आणि ते हळूहळू, अगदी जुनं पुस्तक उघडावं तसं, खिडकीच्या बाजूला वळवू लागले. मान पाव वळली, अर्धी वळली, आणि काड् असा आवाज झाला. आता दहा राहिली.

ते बाकावर येऊन बसले. शैलाबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या.

"पाच महिने गेले," यादवराव म्हणाले. "एप्रिलचा गारठा, टब, फिस्टररबाई... आणि शेवटी त्या माउलीला दाखवलं काय? पाठ."

"अहो, त्यांनी विचारलं काय होतं?"

"सूर्यफुलं लावाल का."

"त्यानंतर?"

सहावं वाक्य यादवरावांना तोंडपाठ होतं.

"वाट पाहू की नको, एवढं विचारलं होतं," शैलाबाई म्हणाल्या. "तोंडं कुठे असतील असं विचारलं नव्हतं. तुम्ही फुलं आणायला गेलात. हो की नाही, एवढं बोलायचं होतं. ती बाई बसलीय तशीच." त्यांनी चहा पुढे केला. "घ्या. आणि घरी जाऊन लिहा. जमत नसेल तर मी मराठीत सांगते आणि मैत्री लिहील."

ही धमकी लागू पडली.

त्या दुपारी पत्र एका बैठकीत झालं. स्वतः यादवरावांनाच नवल वाटलं. मार्चमध्ये शब्द द्यायचा होता, तो त्यांना जमत नव्हता. आता माफी मागायची होती, आणि माफी मागण्यात त्यांचा हात उत्तम बसलेला होता. मायना त्यांनी 'प्रिय फ्राऊ कीन्ले' असा लिहिला. ज्या माणसाला पाच महिने ताटकळत ठेवलं त्याच्याशी आता औपचारिक राहणं त्यांना ढोंगीपणाचं वाटलं.

'आपलं पत्र मला मार्चमध्ये मिळालं,' त्यांनी लिहिलं. 'तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. मला भीती वाटली. आपलं सांगणं न ऐकता मी सोफीच्या आधी रोपं लावली, ती मेली. नंतर फार उशिरा लावली, तीही बरीचशी मेली. दहा आहेत. ती आपल्याकडे पाठ करून उभी आहेत, याबद्दल मी त्यांच्या वतीनं क्षमा मागतो. मी स्वतःही हे सगळे महिने आपल्या खिडकीकडे पाठ करूनच काम केलं, आणि ते मात्र मुद्दाम. फुलं आता वळणार नाहीत. मी एकाला वळवून पाहिलं. म्हणून विनंती आहे की आपण इकडे यावं. आपली चाकांची खुर्ची हेर हेबर्ले ढकलतील, मी त्यांना विचारलेलं नाही, पण ते हो म्हणतील. बाक आपल्या ओळखीचा आहे. मी रोज सकाळी दहाला असतो. माझी जर्मन वाईट आहे. माझी पत्नी चहा चांगला करते.'

त्यांनी ते दोनदा वाचलं, कोशात एकही शब्द न पाहता पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीशी पोहोचले.

तिथे त्यांचे पाय थांबले. आपण काय करतो आहोत हे त्यांना आता कळलं. बाई खरंच आल्या तर? रोज दहाला म्हटलंय. बाकावर समोरासमोर बसावं लागेल. बोलावं लागेल. किती वेळ? कशाबद्दल? १५८२ बद्दल बोलता येईल, पण ते सात मिनिटांत संपतं. 'रोज सकाळी' ऐवजी 'कधीतरी सकाळी' करता आलं असतं. पाकिटाचा डिंक अजून ओला आहे, उघडता येईल. त्यांनी पाकीट फटीत अर्धं घातलं, बाहेर काढलं, पत्ता वाचला, पुन्हा अर्धं घातलं, आणि बोटं सोडवेनात म्हणून तसेच उभे राहिले.

मागून कुणीतरी घसा खाकरला. एक बाई, हातात चार-पाच पाकिटं, कधीपासून उभी होती कोण जाणे. ती घाईत नव्हती. तक्रारही नव्हती तिची. नुसती वाट पाहत होती.

कुणाला असं आपल्यापायी ताटकळत ठेवणं यादवरावांना बरं वाटेना. "माफ करा," ते म्हणाले, बोटं सोडली, आणि बाजूला झाले.